सांजडोळी

शब्द कुठून कुठून चालत येतात, मायबापहो! कोणी इराणच्या बागेतून, कोणी कानडी रानातून. इथली भाकरी खातात, इथल्या विहिरीचे पाणी पितात, आणि पुढे कोणाला त्यांचे गाव आठवत नाही. हे मला ज्यांच्यामुळे उमगले, त्या अर्जनवीस गुलाम नबींना माझे वंदन.

वसमतच्या कचेरीसमोर, लिंबाखाली त्यांची सतरंजी असे. निजामाच्या राज्यात वीस वर्षे त्यांनी लोकांचे अर्ज उर्दूत लिहिले. त्यांचा एक नेम होता, नमाजाइतक्याच निष्ठेने पाळलेला. लिहिलेला कागद ते मराठीतून मोठ्याने सांगत, आणि अर्जदार ‘हे बोलणं माझंच’ म्हणेपर्यंत त्याचा अंगठा घेत नसत.

अठ्ठेचाळीस साली राज्य पालटले. त्या हिवाळ्यात कचेरीत मराठी अर्ज चालू लागले, आणि माणिकराव कारकुनांनी संस्कृतातून घडवलेल्या शब्दांची यादी गुलाम नबींच्या हाती ठेवली. “अर्ज नव्हे, आवेदन. कैद नव्हे, कारावास. जुने शब्द दिसले तर साहेब कागद परत करतील, नबीभाई.”

त्याच दुपारी शिरड शहापूरची भिकाबाई आली. सरकारी रानातला साग तोडला म्हणून तिचा एकुलता लेक खेमा कैदेत होता. त्याला सोडवायचे होते. कापसाच्या गाड्या जात होत्या. हवेत तंतू तरंगत होते, ओल्या शाईवर अलगद उतरत होते. गुलाम नबींनी यादीबरहुकूम कागद लिहिला आणि वाचला: ‘आवेदिका दृष्टिमांद्याने पीडित असून तिचा पुत्र कारावासात आहे...’

भिकाबाईने अंगठा पदराखाली लपवला.

“ही कोण बाई म्हणायची? मोठ्या घरची दिसते. खेमा हिचा न्हाई, माझा हाय.”

“मावशे, साहेबाला हेच शब्द लागतात.”

“लागू दे की. पण तेच्यापुढं मी उभी राहू का ही?”

गुलाम नबी हसले. त्यांनी कागद फाडला. “बोला. तुमी बोलाल तसं लिहितो.”

ती बोलत गेली. अर्ज, कैद, गुन्हा, माफी, सारे तिच्या तोंडून आईच्या भाषेसारखे ओघळले. डोळ्यांपाशी मात्र ती अडली. क्षणभर तंतूंनी धूसर झालेल्या हवेकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मी सांजडोळी झाले, लिवा.”

असा शब्द ना फारसीत होता ना यादीत. गुलाम नबींनी तो जपून उतरवला. मग सगळा कागद वाचला.

“व्हय. हे बोलणं माझंच,” ती म्हणाली, आणि तिने अंगठा पुढे केला.

कागद पाहताच माणिकरावांनी कपाळाला हात लावला; तरी ते दोघांना साहेबांपुढे घेऊन गेले. साहेब वाचता वाचता थांबले.

“सांजडोळी? हा शब्द कुठला?”

“आत्ताच जन्मला, सरकार,” गुलाम नबी अदबीने म्हणाले. “आई इथं उभी आहे.”

“भरदुपारी बी दिवेलागण होऊन राहते, साहेब,” भिकाबाई म्हणाली. “चूल दिसत न्हाई, वाट दिसत न्हाई.”

साहेबांनी टाक शाईत बुडवला. मग त्यांनी कागदाच्या माथ्यावर एकच शब्द लिहिला: ‘मंजूर’.

“उद्या हुकूम निघेल, बाई.”

“आजच काढा, लेकरा. तेचं तोंड दिसंल येवढा उजेड हाय अजून.”

साहेबांनी माणिकरावांकडे पाहिले, आणि घरी निघायला टोपी चढवलेले माणिकराव पुन्हा दौत उघडून हुकूम लिहायला बसले.