धरमपेठेतला सॉना अन् माझा शहाणपणा

कप आधी खाली ठेवा. मी काय करून बसलो ते ऐकताना कोणाच्या नाकातून चहा आला, तर मले बोल नाही लावायचा!

आमचा साळा विलास. मिहानमधल्या कंपनीतली चांगली नोकरी सोडली अन् धरमपेठेत सॉना उघडला, म्हणजे पैसे घेऊन लोकांचा घाम काढायचं दुकान. नागपुरात! तेही मे महिन्यात! मी म्हटलं, "काहून गा, लोकं इथं फुकटात भाजून राहिले, तुले पैसे कोण देईल?" पण त्यानं सगळी पुंजी त्यात घातली होती. उद्घाटनाले आलेल्या पाहुण्यांतून मेंबर मिळाले, तरच गाडं पुढं सरकणार होतं. म्हणून बायकोनं मले घरूनच तंबी देऊन आणलं.

"माझ्या भावाकडं तोंड बंद ठेवा. अन् हातही!"

आता तुम्हीच सांगा, मी तर गुमान बसलो होतो! विलासच मागे लागला. "भाऊजी, दोन्ही खोल्यांत बसून पाहा अन् पाहुण्यांले सांगा कोणती चांगली. तुमचं लोकं ऐकतात."

झालं! मी फुगलोच.

टॉवेल गुंडाळून पहिल्या खोलीत शिरलो. ही जुन्या पद्धतीची. कोपऱ्यात तापलेले दगड, बाजूले पाण्याची बादली अन् लाकडी पळी. विलास म्हणाला, "दगडांवर थोडं थोडं पाणी टाका." टाकलं. चुर्रर्र! अशी वाफ उठली बाप्पा, की माझे पाय मले दिसेनात. घामाच्या धारा लागल्या. म्हटलं, याले म्हणतात सॉना!

मग दुसरी, विजेवर तापणारी, इन्फ्रारेडवाली. लाकडी कपाटच म्हणा ना. आत भिंतीले जाळ्या अन् जाळ्यांमागे लाल उजेड, बस्स. विलासनं हातात पाण्याची बाटली दिली, दार लावलं अन् पाहुण्यांकडं पळाला.

बसलो. वाफ नाही, चुर्र नाही, काही नाही. थोडी ऊब लागत होती, पण तेवढी तर उन्हात ठेवलेल्या माझ्या स्कूटरच्या सीटलेही असते! अन् मी महाल भागातून भर दुपारी त्याच सीटवर बसून आलेला माणूस. म्हटलं, मशीन बिघडली! बाहेर एवढे पाहुणे, अन् विलासले पत्ताच नाही. पोट्ट्याची इज्जत जाते आता!

आता मले सांगा, घरचा कूलर नीट चालत नसला तर आपण काय करतो? पाणी ओततो अन् वरून दोन थापा हाणतो. करतो का नाही? मग ही बाटली विलासनं काय प्यायले दिली असंल? छे! मी जाळीत अख्खी बाटली रिकामी केली अन् दोन थापा हाणल्या.

फाट्! मग चुर्रर्र! वाफ उठली अन् लाल उजेड विझला. मी खूश. झाली एकदाची सुरू!

टॉवेल सावरत बाहेर आलो. पाहतो तर एसी बंद, पंखे बंद. पाहुणे निमंत्रणपत्रिकांनी वारा घेऊन राहिले होते, एका काकूंची पावडर गळ्यापर्यंत उतरली होती. अन् सगळे मिळून वीजवाल्यांले शिव्या देत होते. एक काका तर म्हणाले, "विलासभाऊ, तुमचा काय दोष? लाइन गेली त्याले तुम्ही काय करसान? मी होतो मेंबर!" विलास फोनवर वीजवाल्या साहेबावर तडतडत होता. "ऐन उद्घाटनात लाइन घालवता? माणूस पाठवा आत्ताच्या आत्ता!"

म्हणजे पाहा, कोणाच्या बापाले माहीत नव्हतं! गुपचूप कपडे चढवले असते तर सुटलो असतो. पण नाही! एका हातानं टॉवेल धरला, दुसरा रिकाम्या बाटलीसकट वर केला अन् ओरडलो, "घाबरू नका! मशीन बंद पडली होती. मी पाणी ओतून दुरुस्त केली!"

बायकोनं कपाळावर हात मारला. विलासनं माझ्याकडं पाहिलं, रिकाम्या बाटलीकडं पाहिलं, अन् फोनमध्ये एकदम मऊ आवाजात बोलला,

"राहू द्या साहेब, माणूस नका पाठवू. बिघाड सापडला. टॉवेल गुंडाळून माझ्यासमोरच उभा आहे."