टँकरच्या पाण्यानं धुतलेला बोर्ड

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला मेटामटेरियलच्या नादात कळलं. नाव भारदस्त, काम किचकट. सर्किट बोर्डावर तांब्याच्या बारीक, एका बाजूनं तुटक्या कड्यांची जाळी काढायची आणि ती अँटेनावर बसवायची. जमलं तर तेवढ्याच विजेत लहरी लांब पोचतात. माझी पीएचडी त्यावरच उभी होती. जाळीचं गणित माझं, जोडणी माझ्या मित्राची. तो पिशोर गावचा. त्याच्या वडिलांना फोन घ्यायला माळवदावर चढावं लागे, खाली रेंजच नसे.

उस्मानपुऱ्यात आमच्या घरी काम चाले. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, पण दुष्काळात नळ कोरडे, आठवड्याला एक टँकर. त्या पाण्यात क्षार इतके, की बोर्ड धुतला की तांब्यावर पांढरा थर बसायचा. म्हणून आम्ही प्यायच्या जारचं पाणी वापरायचो. शेवटच्या बोर्डाच्या वेळी जारमध्ये दोनच तांबे पाणी उरलं होतं. आईसमोर ते ओतवेना. मी टँकरचं पाणी वापरलं आणि मित्राला सांगितलं नाही.

त्या बोर्डाची मोजणी पुण्याच्या प्रयोगशाळेत होती. नेमका टँकरचा दिवस आला. आईला एकटीला पाणी भरणं जमणार नव्हतं, म्हणून मी थांबलो आणि मित्र एकटाच गेला. परतला तो चेहरा पाडूनच. "काय नाय निघालं. फुकट गेलं सगळं," म्हणाला. मला रडू फुटलं. पाण्याची गोष्ट सांगितली, चूक माझी म्हणालो, माफी मागितली. त्यानं नुसती मान हलवली आणि आईच्या हातचं पिठलं-भाकरी जेवून गेला. मी तो विषय सोडला, गाइडकडून नवा घेतला.

वर्षभरानं एका नियतकालिकात आमचीच जाळी छापून आली. मोजणीचा आलेख मी गणितानं कागदावर मांडला होता अगदी तसाच, म्हणजे पुण्यात बोर्ड चालला होता. वर नाव त्याच्या एकट्याचं.

कॉलेजच्या कँटीनमध्ये त्याला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, तुमच्या घरात सगळे शिकलेले, तुला दुसरी संधी मिळेल, मला नोकरीसाठी हेच हवं होतं. तेही मी एक वेळ गिळलं असतं. मागितलं असतं तर पहिलं नाव त्याचं लावलं असतं. मी एवढंच विचारलं, "मी माफी मागत होतो, तेव्हा तू गप का बसलास?"

"तूच चूक अंगावर घेतलीस," तो म्हणाला. "मला लई सोपं गेलं."