रिळावर घसरलेला दोरा

रविवारी दुपारी जेवणं झाली की गंगावेशीतली दुकानं निम्मं शटर ओढून घोरायला लागतात, आणि त्यात हणमंत चौगुल्याचं मासेमारीच्या सामानाचं दुकान पहिलं. दुकान कसलं, खोपटंच. तिन्ही भिंतींना रॉड, रिळं, गळ, शिसं, रबरी बेडूक आणि माशाला भुलवायचे चकचकीत चमचे. पण आलेल्या गिऱ्हाइकाला नुसता दोरा देऊन वाटेला लावेल तर तो हणमंत कसला! आधी पंचनामा. मरळीला जाणार की खडसाला? पाणी गढूळ की नितळ? बुडालेली झाडं आहेत का? तुझ्या रॉडवर किती पौंडी लिहिलंय, ते तरी वाचलंस का बाबा? नितळ पाण्यात बारीक तंगूस, ते नायलॉनचं असतं, ताण खातं. वेलीझुडपात विणलेला दोरा, म्हणजे ब्रेडेड, तो ताणत नाही पण काचतो सुरीसारखा. भाषण चांगलं असतं, कुणी नाही म्हणणार नाही. गिऱ्हाईक जांभया देतं ते वेगळं.

आज मात्र भाषणवाल्याचं तोंड कडू झालंय. मांडीवर एक रीळ आहे, ते आण्णांचं. सर्जेराव मोहिते, म्हणजे आण्णा, यांनीच हणमंताला हातात रॉड धरायला शिकवलं. ते सप्टेंबरात वारले. त्यांची मुलगी रेणुका उद्या बापाचा रॉड घेऊन काळम्मावाडी धरणावर निघालीय. "काका, तुमच्याच हातानं भरून द्या," म्हणून सकाळी रीळ ठेवून गेली, आणि आता कधीही न्यायला येईल.

आणि याच रिळावर एप्रिलात हणमंतानं एक घोटाळा केलाय. केला तर केला, वर पचवलाय. पोरीला सांगायचा की नाही, सकाळपासून डोक्यात दुसरं काही नाही. सांगायचा नाही, असं त्यानं आत्ताच ठरवलं. रीळ भरून झालं, दोऱ्याचं टोक चिकटपट्टीनं चिकटवलं, खुर्चीवर मान टाकली. पंखा कुरकुरतोय. रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडतोय, मग तो ओरडणं लांबवतो, आणि लांबवतच राहतो.

"बारा पौंडी तंगूस दे."

काउंटरपलीकडं आण्णा उभे आहेत. खांद्यावर टॉवेल, तोंडात कवळी नाही. आण्णा मेलेत हे हणमंताला पक्कं ठाऊक आहे, तिरडीला खांदा त्यानंच दिलेला. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

"खडसाला जायचं की मरळीला?" तो विचारतो.

"मला शिकवतोस व्हय रं?"

"आण्णा, मेल्यावर तरी जरा गोड बोला की."

"गोड बोलाय आलो न्हाई. तंगूस काढ. तुझा त्यो विणलेला दोरा माझ्या पोरीला द्यायचा न्हाई."

"का नाही द्यायचा? मरळ वेलीत घुसल्यावर तुमचं तंगूस काय करतंय? बसतंय तुटून! तीस पौंडी ब्रेडेडच लागतो तिथं. साऱ्या कोल्हापूरला कळलं, तुम्हाला मरेपर्यंत कळलं नाही."

"मेल्यावर कळलं," आण्णा म्हणतात. "म्हणून तर आलोय."

हणमंत तंगुसाचं भेंडोळं काढायला वाकतो आणि त्याचा हात पाण्यात जातो. गुडघाभर पाणी आहे. दुकानाचे रॅक धरणाच्या पाण्यात उभे आहेत, काउंटर म्हणजे ओला खडक आहे, आणि समोर बुडालेल्या जांभळीचे काळे शेंडे वर आलेत. ही एप्रिलातली जागा. रविवारी गळ टाकायला येणारी सगळी मंडळी काठावर बसलीत, पण तोंडं पलीकडं करून.

आण्णांचा रॉड वाकलेला आहे. अर्धगोल. खाली खडस आहे, पोरगं उचलून घ्यावं एवढं मोठं. आण्णा रिळाची मूठ फिरवतायत, रीळ गरागरा फिरतंय, आणि दोरा काही केल्या आत येत नाही.

"ड्रॅग आवळा, रिळाचा ब्रेक!" हणमंत ओरडतो.

"आवळलाय की गच्च. धर, तूच धर. अंगठा ठेव दोऱ्यावर."

"मी नाही ठेवणार."

"ठेव म्हणतो ना!"

हणमंत अंगठा ठेवतो. दोऱ्याचा अख्खा गुंडाळा जागच्या जागी फिरतो, दांडीवर सैल बांगडी फिरावी तसा. मासा ओढतो, गुंडाळा फिरतो. मूठ फिरवली, गुंडाळा फिरतो. विणलेला दोरा गुळगुळीत असतो, रिळाच्या धातूला तो धरत नाही. म्हणून खाली आधी तंगुसाचे आठ-दहा वेढे घालायचे, मगच तो भरायचा. हे हणमंत गिऱ्हाइकांना रोज घसा कोरडा करून सांगतो. आणि ज्या दिवशी आण्णांनी पहिल्यांदा, कुरकुरत का होईना, आपलं रीळ त्याच्या हातात दिलं, त्याच दिवशी तो हे विसरला.

"विसरलो मी! दुकानात गर्दी होती. काय मुद्दाम केलं का?"

"विसरलास त्याचं काय न्हाई. मी चष्मा डोळ्यावर ठेवून घरभर हुडकत हुतो. पण टोक का लपवलंस?"

हणमंत दोऱ्याचा गुंडाळा उगाच फिरवत राहतो.

"मासा जांभळीत घुसून गेला," आण्णा म्हणतात, "तवा तू माझ्या हातातनं रॉड हिसकून घेतलास, सगळा दोरा गोळा केलास आणि टोक कातरलंस. आणि मोठ्यानं म्हणालास, आण्णा, गाठ सुटली. आरं, गाठ सुटली तर टोकाला पीळ ऱ्हातोय. शेंबड्या पोराला कळतंय. खोडावर काचून तुटलं तर टोक पिंजतंय. माझं टोक कसं हुतं?"

"मला आठवत नाही."

"कसं हुतं?"

"पिंजलेलं होतं! झालं समाधान?"

ते आता मोहित्यांच्या अंगणात आहेत. पाणी नाही, पण पाय ओलेच आहेत. कपडे वाळत घालायच्या तारेवर सुतळीचे तुकडे लोंबतायत, एक नाही दोन नाही, तार वाकलीय. प्रत्येक तुकड्याला एक गाठ. आण्णा स्टुलावर बसून अजून एक मारतायत आणि दातांनी ओढून बघतायत, दात नसलेल्या तोंडानं.

"हे काय मांडलंय?"

"हात गेले का बघत हुतो. मे, जून, जुलै. रोज सकाळी. एक गाठ सुटली न्हाई, हणमा. तरी माझा माझ्यावर इस्वास बसंना. पाण्याकडं गेलो न्हाई परत. त्वांड काय दाखवणार, ज्याची गाठ सुटली त्यानं?"

हणमंताला रडू यायला पाहिजे होतं. त्याला राग येतो. तीस वर्षांचा, तळापासून.

"बरं झालं!" तो ओरडतो. "सगळ्यांसमोर मला कच्चा म्हणायचात तुम्ही. माझी बायको उभी असली तरी कच्चा. माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकासमोर कच्चा! त्या दिवशी मंडळी हसली, म्हणाली, आण्णा थकले आता, आणि मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या मी!"

आण्णा मान हलवतात, गिऱ्हाइकाला भाव पटल्यावर हलवावी तशी.

"हां. आता खरं बोललास. हेच पोरीला सांग."

"नाही सांगणार."

"बोट दे."

"कशाला?"

आण्णा विचारत बसत नाहीत. हणमंताचं बोट धरतात आणि विणलेल्या दोऱ्याचे दोन वेढे घालतात. त्या हातांत काय जोर आहे! काठावरची मंडळी आता तोंडं इकडं करतात. हणमंत बोट सोडवायला बघतो, पण दोऱ्याचं दुसरं टोक कुठंतरी खोल पाण्यात आहे आणि तिकडून कुणीतरी निवांत ओढतंय.

"तंगूस असतं तर जरा ताण दिला असता," आण्णा म्हणतात. "ह्यो देत न्हाई. सांगशील?"

"आण्णा, सोडा!"

"सांगशील?"

"नाही! नाही! आई गं—"

शटर खडखडतं. हणमंत खुर्चीवरून अर्धा खाली घसरलाय, शर्ट घामानं चिकटलाय. पंखा कुरकुरतोय. रीळ मांडीवर तसंच आहे, भरलेलं, टोक चिकटपट्टीनं चिकटवलेलं, एक वेढाही हललेला नाही. आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला, पेराच्या खाली, सगळीकडून गोल चीर पडलीय. दोन चिरा, शेजारी शेजारी. रक्त मनगटापर्यंत आलंय.

"काका? आहात ना?" रेणुका वाकून शटरखालून आत येते. रीळ उचलते, मग त्याचा हात बघते. "अगं बाई! बोटाला काय झालं?"

पत्रा लागला, हे हणमंताच्या तोंडात तयार आहे. जिभेच्या टोकावर आहे. तो तोंड उघडतो.

"रेणुका, एप्रिलात आण्णांची गाठ सुटली नव्हती," तो म्हणतो. "रीळ मी चुकीचं भरलं होतं. खाली तंगूस घालायचं विसरलो. दोरा आतल्या आत घसरत होता, मासा कुणालाच आवरला नसता. त्यांच्या हातांना काही झालं नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी बोललो नाही, कारण लोक त्यांना हसले ते मला आवडलं."

रेणुका रीळ हातात धरून उभी आहे. रडत नाही, ओरडतही नाही. तेवढं तरी तिनं करावं असं हणमंताला फार वाटतं.

"आंघोळीचा तांब्यासुद्धा दोन्ही हातांनी धरायला लागले होते ते," ती म्हणते. "पडेल म्हणून. आई आंघोळ घालायची शेवटी."

"पोरी, मी—"

"मला नका सांगू. घरी चला. आईसमोर बोला."

"येतो ना. उद्या सकाळी, जरा—"

"आत्ता."

ती बाहेर जाऊन उन्हात उभी राहते. हणमंत उठतो, बोटाला दुकानातलंच फडकं गुंडाळतो, बाहेर येतो. शटर जड आहे, आणि उजवा हात चालत नाही. डाव्या हातानं तो एकदा ओढतो, दुसऱ्यांदा ओढतो, शटर मध्येच अडकतं. तो रेणुकाकडं बघतो. ती जागची हलत नाही, त्याचं होईपर्यंत नुसती बघत राहते.