एक वीत कमी

माझी व्हॅन जुनी. डावीकडची काच अर्धीच उतरते आणि कप ठेवायला कुठंही जागा नाही. बायको होती तोवर ती जागा लागलीच नाही.

उमरठकडच्या आमच्या वाडीतून मी सकाळी कामगार भरतो आणि महाडच्या एमायडीसीत सोडतो. बायको तिथंच एका कँटीनमध्ये भांडी घासायला होती. पुढची सीट तिची. पोलादपूरला टपरीवर स्टीलच्या पेल्यात चहा भरून घ्यायचा आणि निघायचं. थांबलं तर कामगारांची पाळी चुकते. पेला ती पदरात धरून बसायची. सरळ रस्ता लागला की मी डावा हात काढायचा, पेला हातात यायचा.

"अवो, समोर बगा. चा काय पळून जात नाय."

हे रोजचं.

मार्गशीर्षात ती गेली. तापाचं निमित्त झालं. त्यानंतर पुढच्या सीटवर मी कुणाला बसू दिलं नाही. मागं माणसं एकमेकांच्या मांडीवर बसायची, पण पुढं नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, चहा घरीच पिऊन निघा ना." एकट्यासाठी चहा टाकायचा आणि भिंतीकडं बघत प्यायचा, ते मला जमत नाही. तिच्याबरोबरचं तेवढंच उरलं होतं, तो रस्त्यावरचा चहा.

मग पेला मांड्यांत धरून चालवायला लागलो. एक दिवस गतिरोधकावर सगळा चहा मांडीवर सांडला आणि व्हॅन गटाराकडं गेली. मागं बायका किंचाळल्या. त्यातली एक पॅकिंगला जाते. मागं बसलं की तिला मळमळतं. ती म्हणाली, "काका, मी फुडं येऊन पेला धरू का? मला बी जरा बरं वाटंल."

"पेला धरायला बायको लागते. तू कोण?"

असं बोललो मी. ती महाडपर्यंत तोंडाला ओढणी लावून बसली.

रविवारी पेला अडकवायला प्लायचा तुकडा घेतला. त्यावर पेला उपडा ठेवून पेन्सिल फिरवली, रेघेवर ड्रिलनं भोकं पाडून मधला तुकडा काढला, कानशीनं भोक गोल केलं. पेला ठेवला तर आरपार खाली. तोंडाचं माप घेतल्यावर दुसरं काय होणार! ती असती तर म्हणाली असती, "चौथीपतुर तरी शिकायचं होतंत." दुसऱ्या तुकड्यावर पेल्याच्या मधल्या घेराचं माप घेतलं. खडखड नको म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी आतून चिकटवली. मग दोन पट्ट्या स्क्रूनं आवळून फळी डॅशबोर्डाखाली बसवली. कुठं बसवायचं, याचा विचारच केला नाही. तिचे हात जिथं असायचे तिथं. अंगणात व्हॅन उभी करून, वाकून पेला उचलून बघितला. झकास.

सोमवारी पोलादपूर सोडलं. रस्ता सरळ झाला. मी समोर बघत डावा हात काढला. हाताला काही लागलं नाही. आणखी लांबवला, तरी नाही. वाकायला गेलो तर व्हॅन वाकडी व्हायला लागली, मागून कुणीतरी म्हणालं, "काका, सांबाळून."

एक वीत कमी पडत होती.

इतकी वर्षं मला वाटायचं, मी हात लांब करून पेला घेतो. ती दर वेळी वीतभर पुढं करत होती, हे तेव्हा कळलं. मी समोर बघत होतो ना. तीच सांगायची समोर बघायला.

चहा तसाच निवला. एमायडीसीत सगळी उतरल्यावर मी गाडी कडेला घेतली. मग पाना-पेचकस काढला, फळी सोडवली, वीतभर माझ्याकडं सरकवली आणि आवळली. ती आरपारवाली पहिली फळी सीटखालीच पडली होती. ती जुन्या जागी बसवली.

दुसऱ्या दिवशी वाडीत ती पॅकिंगवाली मागचं दार उघडायला गेली.

"तिकडं नको गो. फुडं बस."

ती उभीच. "काका, काकींची जागा हाय ती."

"काकी आता कुठं बसनार? बस. तिथं भोक हाय बग, तुझी पान्याची बाटली बसतेय का."

बाटली वरच्या फुगीर भागावर अडकून बसली. जरा ढिली होती. म्हटलं, रविवारी ट्यूब लावून देतो.