बावन्न स्पीडवर फुटलेलं लग्न

आमच्या लग्नाच्या सीडीला मधल्या भोकापाशी तडा गेला होता आणि तो मी चपला चिकटवायच्या गोंदानं चिकटवला. वर शोभा म्हणून आम्हा दोघांचा फोटो छापलेलं स्टिकर डकवलं. ते मी गुलमंडीतून छापून आणलं होतं आणि घरी कात्रीनं कापलं होतं, त्यामुळं गोल कमी आणि नवशिक्या सुनेच्या भाकरीसारखं जास्त दिसत होतं.

तडाही माझीच करणी. डबीतलं मधलं बटण दाबलं की सीडी आपोआप सुटते, हे मला माहीत नव्हतं. मी ती कडेला धरून, मुळा उपटावा तशी ओढून काढायचो. ऑफिसात मात्र कॉम्प्युटरमधलं कुणाला काही अडलं की मलाच बोलवायचे. त्यावरून आमच्या ऑफिसची कल्पना यावी.

दुसरी सीडी सासऱ्यांकडं, कन्नडजवळच्या गावी. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी ती पाखरं हाकलायला ज्वारीत टांगली. दुष्काळात ज्वारी आली नाही म्हणून पाखरंही आली नाहीत, आणि सीडी उन्हात पापडासारखी वाकून गेली. मूळ कॅसेटवर फोटोग्राफरनं नंतर कुणाचं तरी बारसं उतरवलं होतं. म्हणजे आमचं लग्न झालं होतं याचा हलता-बोलता पुरावा जगात एकच उरला होता, आणि तो माझ्या ताब्यात होता.

हे सगळं चाललंही असतं. पण धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं आणि बायकोचे मामा अडून बसले. आमच्याकडं नवरीला मांडवात मामानंच आणायचं असतं. मामांचं म्हणणं, ‘थोरलीच्या लग्नात समद्यास्नी फेटे बांधले, मला नाय बांधला. आता मी येत नाय.’ आबांचं म्हणणं, बांधला होता. खरं काय, कुणालाच ठाऊक नाही. मामांच्या डोक्यावर बारा महिने तांबडं पागोटं. फेटे बांधणाऱ्याला वाटलं असेल, ह्यांचं झालेलं दिसतंय. मी सीडी पुष्कळदा पाहिली होती, पण ज्या भागात मी दिसतो तेवढाच. मेहुणीनं सांगून टाकलं, मामा नसतील तर मी मांडवात पाऊल ठेवणार नाही. आबा म्हणाले, शूटिंगमध्ये फेटा दिसतो. मामा म्हणाले, दाखवा.

मामांची मेंढरं तेव्हा शहराच्या वेशीवरच होती. गावाकडं चारा उरला नव्हता आणि बीड बायपासच्या पलीकडं प्लॉटच प्लॉट पडले होते. ज्या जागेवर ‘स्वप्नातलं घर’ अशी पाटी होती, तिथं मामांची मेंढरं सुकलेलं गवत खात होती. स्वप्नातल्या घरात प्रत्यक्ष राहायला गेलेले शहरातले पहिले रहिवासी तेच.

रविवारी सकाळी आबा गावाहून आले, मामा बायपासवरून आले. दोघं एकाच सतरंजीच्या दोन टोकांना बसले आणि एकमेकांशी माझ्या बायकोमार्फत बोलू लागले.

“तुझ्या बापाला म्हणावं, पाऊस हाय का तिकडं?”

“मामाला म्हणावं, असता तर हितं बसलो असतो का?”

बायकोनं अर्धा-अर्धा पेला पाणी दिलं. टँकर आला नव्हता. मग तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, “सीडी चालतीय ना? एकदा बघून घ्या.”

“तू काळजीच करू नको,” मी म्हणालो. माझ्या तोंडून हे वाक्य निघालं की ती काळजी करायला बसते.

कॉम्प्युटर नवा होता. क्रांती चौकातल्या दुकानदारानं विचारलं होतं, ड्राइव्ह कुठला देऊ? मी म्हणालो, सगळ्यात पळणारा. त्यानं बावन्न स्पीडचा दिला. लग्न बघायला इतकं पळायची गरज काय, हे मला सुचलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

सीडी आत गेली. थोडी घरघर झाली, आणि चित्र आलं. बँड, मांडव, मग घोड्यावर मी.

“ह्यो कोण?” मामांनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

“घोडं चांगलं हाय.”

मग मी बराच वेळ घोड्यावरच होतो. फोटोग्राफरला मी फार आवडलो असणार. मामा कंटाळले. “पाव्हणं, फेट्याचं कवा येतंय?”

इथं गप्प बसलो असतो तर आज हे लिहायला विषय नसता. पण मला माझी करामत दाखवायची होती. “घोड्यावरनं थेट फेट्यावर नेतो,” असं म्हणून मी माऊसनं चित्राखालची पट्टी पुढं ओढली. सावकाश फिरणारी सीडी एकदम पुरत्या वेगानं सुटली.

आता कारण सांगतो. ते मला फुटल्यावर कळलं. माझं बहुतेक शिक्षण काहीतरी फुटल्यावरच झालेलं आहे. चकती इतकी जोरात फिरते की तिचा प्रत्येक कण बाहेर पळायला बघतो. धड चकती ही ओढ सगळीकडं सारखी वाटून घेते. पण मधल्या भोकापाशी तडा असेल, तर सगळा ताण त्या तड्याच्या टोकावर येतो आणि तडा कडेपर्यंत धावतो. त्यात एका बाजूला जास्त सरकलेलं स्टिकर असलं की चकती डुलायला लागते. गोंद चपलेला चालतो, कारण चप्पल मिनिटाला हजारो फेरे घेत नाही.

आधी विमान उडावं तसा आवाज आला. मग फटाका. पडद्यावर मी घोड्यासकट चौकोन-चौकोन झालो आणि तिथंच थांबलो. ड्राइव्हचं तोंड उघडेना. मी कॉम्प्युटरचा डबा उचलून हलवला, तर आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला. फटीतून एक तुकडा सतरंजीवर पडला. त्यावर स्टिकरमधला माझा अर्धा चेहरा होता.

आबांनी तो तुकडा उचलला, उजेडाकडं धरला. बहुतेक फेटा दिसतो का ते बघत असावेत. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि ते पहिल्यांदा थेट मामांकडं बघून बोलले. “नसंल बांधला. आता काय सांगू मी? पोरगी तुझ्यासाठी अडून बसलीय.”

मामा माझ्याकडं बघत होते. मी पेन्सिलनं ड्राइव्हचं तोंड उघडायच्या खटपटीत होतो आणि पेन्सिलीचं टोकही आत मोडून राहिलं होतं.

“हे कशानं चिकटवलं व्हतं?”

“चपलेच्या गोंदानं.”

मामांनी पागोटं सारखं केलं, काठी घेतली आणि उठले. “येतो मी लग्नाला,” ते आबांना म्हणाले. “धाकटीचा नवरा कसा हाय, ते आधी बघाया पायजे. इतकी वर्सं मी फेट्यावरनं रुसून बसलो. रुसायचंच व्हतं, तर थोरली कुणाला दिली ह्याच्यावर रुसायला पायजे व्हतं.”