दिगूकाकांची कडक मॅनेजर

“ये उनकी मॅनेजर थी? अरे, ये तो जिने पे मिलती है तो दीवार को नमस्ते करती है!”

दिगूकाकांच्या तेराव्याला खालच्या मजल्यावरच्या शहाआंटी काकूंच्या बहिणीला हे सांगत होत्या. मी त्यांच्या मागेच चहाचा ट्रे धरून उभी होते. बोलणं माझ्याबद्दलच होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आज महिना उलटून गेला, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

दिगूकाका आमच्या समोरच्या घरात राहायचे. कंपनीतून व्हीआरएस घेतल्यावर त्यांनी भाईंदर पश्चिमेच्या बाजारात एक काळा कोट शिवून घेतला आणि ते मालिकांमध्ये न्यायाधीश व्हायला लागले. काशीगावाकडच्या बंगल्यांत शूटिंग चालायचं. स्वतःचा कोट असलेला माणूस तिथे पटकन घेतला जाई. काका कोट हातावर टाकून फाटकाजवळच्या चहावाल्याकडे उभे राहत आणि आतून कुणीतरी “जज कोण आहे?” म्हणून ओरडलं की आत जात. काम मिळे. दुखणं एकच होतं, शॉट संपला की त्यांना कुणी बसायला खुर्ची देत नसे. “दिवसभर दुसऱ्यांना शिक्षा सुनावतो आणि पाय माझे सुजतात,” म्हणायचे. खुर्ची मिळते ती मॅनेजर असलेल्यांनाच, असं त्यांचं मत झालं होतं.

काकू फोन उचलून “नाहीत घरी” एवढंच म्हणत आणि ठेवून देत. त्यामुळे त्यांच्या घरी बसून फोन घ्यायला नेमणूक माझी झाली. मी तेव्हा अकरावीत होते, दुपारी घरी असायचे. “तू इंग्रजी शाळेतली. तुझा आवाज महाग वाटतो,” काका म्हणाले. नाही म्हणायचं तर बोलावं लागलं असतं, म्हणून मी मान हलवली.

पहिलाच फोन आला. “सर कहाँ हैं?” मी खरं ते सांगितलं, “दळण आणायला गेलेत.” “आप कौन?” “समोरची.” काकांनी डोक्याला हात लावला. “अगं, कलाकार दळणाला जात नसतो! तो शूटिंगला असतो. आणि तू कोण? मॅनेजर!” मग त्यांनी एक डायरी आणली आणि तिच्या प्रत्येक रिकाम्या पानावर ‘राखीव’ असं लिहून टाकलं. कलाकार मोकळा दिसला की त्याला कुणी विचारत नाही म्हणे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. कोर्टाची नवी मालिका होती, दर आठवड्याला न्यायाधीश लागणार होता, निदान सहा महिने. सोमवारपासून सर येतील का? मी डायरी उघडली. सोमवार राखीव. मंगळवार राखीव. थेट दिवाळीपर्यंत राखीव. मी माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत सांगितलं की सरांकडे तारखा नाहीत. पलीकडचा माणूस अदबीने “ओके मॅडम” म्हणाला. मला मॅडम कुणी कधी म्हटलं नव्हतं... मी अगदी खूश.

काका खांद्यावर पिठाचा डबा घेऊन आले. मी अभिमानाने सगळं सांगितलं. त्यांनी डबा हळूच खाली ठेवला. “सहा महिने?”

“हो. पण सगळे दिवस राखीव होते ना.”

“लिहा अजून राखीव!” आतून काकू म्हणाल्या.

सोमवारी सकाळीच ते फाटकावर गेले, तर दुसरा न्यायाधीश आधीच बसला होता. भाड्याच्या कोटात. मी चार दिवस समोरच्या घरात पाऊल टाकलं नाही. पाचव्या दिवशी काकांनीच आमची बेल वाजवली. “मॅडम, आज खुर्ची मिळाली!” आपल्या मॅनेजरने अख्खी मालिका नाकारली, असं त्यांनी चहावाल्यापासून मेकअपदादापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. “फार कडक आहे ती, ऐकतच नाही.” ते आतपर्यंत पोचलं आणि कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली.

तेव्हा कलाकाराने मॅनेजर ठेवावा की नाही, ते मला विचारू नका. काम ते पुढेही फाटकावर उभं राहूनच मिळवत होते. माझ्यामुळे त्यांची सहा महिन्यांची मालिका गेली आणि एक खुर्ची आली. काका त्याला फायदा म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही, आणि सॉरी म्हणायचं राहूनच गेलं. मी फोन घेत राहिले, पण ‘आप कौन?’ला माझं उत्तर शेवटपर्यंत ‘समोरची’ हेच होतं. काका नुसता सुस्कारा टाकायचे.

...तेराव्याला मी ट्रे घेऊन तशीच उभी असताना काकांचा फोन वाजला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काकूंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, तसा मी ट्रे ठेवून फोन उचलला.

“वो अपना कोटवाला जज है ना? परसों चाहिए.”

सवयीने माझा हात डायरीकडे गेला. यंदाच्या डायरीतही परवाचं पान काकांच्या अक्षरात राखीव होतं. त्याच्या पुढचंही. सर गेले, असं मी सांगितलं.

“अरेरे... कुर्सी पे बैठे बैठे सबको हँसाते थे. आप कौन बोल रही हो?”

शहाआंटी दारातच उभ्या होत्या. मी भिंतीकडे पाहिलं नाही.

“मॅनेजर,” मी म्हटलं. “मी त्यांची मॅनेजर बोलतेय.”