तीच बाई असल्याचा पुरावा

लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. बायकांनी वाकून वाचलं, छान आहे म्हणाल्या. मला कोणी विचारलं नाही. वडिलांचं नाव आणि आडनाव जाणार हे धरूनच चालले होते, पण आईने हाक मारायचं नावही धरणगावलाच राहिलं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले आणि मी धुळ्यात देवपूरची सून झाले.

मुलगी अठराची झाली तेव्हा कॉलेजातल्या शिबिरात तिचं मतदार कार्ड झालं. ते हातात नाचवत तिने विचारलं, आई, तुझं कुठाय? माझं होतं कपाटात, कुमारी असतानाचं, धरणगावचं. धुळ्यात मी एकदाही मत दिलेलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी घरातले सगळे बोटाला शाई लावून यायचे आणि मी त्यांना चहा करून द्यायचे. नवरा म्हणायचा, तुझ्या एका मतावाचून कोणाचं अडलंय. स्वतःच्या एका मतासाठी मात्र हा माणूस सकाळीच अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभा. या वेळी मी ठरवलं, मत द्यायचंच.

तहसीलच्या निवडणूक ऑफिसातल्या कारकुनाने माझं जुनं कार्ड आणि आधार शेजारी शेजारी ठेवलं. नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. ही एकच बाई कशावरून, त्याने विचारलं. फोटो म्हणाल तर कार्डावरच्या त्या दोन वेण्यांच्या मुलीला मीही रस्त्यात ओळखलं नसतं. लग्नाची नोंदणी आमच्याकडे केली होती कोणी? पत्रिका नेली, तर तिच्यावर माहेरचंच नाव. नवं ठरलं मांडवात. तांदळाचं सांगितलं तेव्हा तो हसला. माणूस वाईट नव्हता, पण हसला. दोन्ही नावं एकत्र असलेला सरकारी कागद आणा, म्हणाला.

नवरा म्हणाला, सोड आता. मी एसटीत बसले आणि धरणगाव गाठलं. शाळेत गेले, नगरपालिकेत गेले. सगळीकडे माहेरचं नाव सापडलं, सासरचं कोणाला ठाऊक असणार? दिवेलागणीला जेवायला बसले तेव्हा धाकट्या भावाला गाऱ्हाणं सांगितलं. तो मायाळू आहे. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उजळला.

"अक्का, हक्कसोडना कागद शे ना. त्यामा तुना दोन्ही नाव शेतस."

आणि तो उठून कागद घेऊनही आला. वडील गेल्यावर त्याने मला गाडी करून रजिस्ट्री ऑफिसात नेलं होतं, कापसाच्या शेतातला माझा हिस्सा सोडून द्यायला. त्या दिवशी माझ्याबद्दल कोणालाच शंका आली नाही. लिहिणाऱ्याने माहेरचं नाव लिहिलं, पुढे 'उर्फ' टाकलं आणि सासरचं नाव जोडलं. गावातल्या दोघांनी सांगितलं, ही त्यांचीच लेक. जेवायच्या आत मी एकच बाई ठरले. मग शेवभाजी खाल्ली, भावाने साडी घेतली. सही न करणाऱ्या बहिणीला माहेरी पाणीही गोड लागत नाही, हे कोणी बोलून दाखवत नाही. मी सही केली. कागदात 'स्वखुशीने' असं लिहिलेलं आहे.

त्याला वाटत होतं, बहिणीचं काम केलं. मला मात्र त्याचा इतका राग आला की ताटावरून उठावंसं वाटलं. उठले नाही. सकाळी कागदाची झेरॉक्स काढली आणि धुळ्याची एसटी धरली.

कारकुनाने कागद वाचला, शिक्का पाहिला.

"हा आधीच आणायचा ना, ताई. यात सगळं स्पष्ट आहे."

कार्ड आलं. मतदानाच्या दिवशी मी चहा केला नाही, सकाळीच रांगेत जाऊन उभी राहिले. संध्याकाळी भावाचा फोन आला. मत दिल्याचं सांगितलं, तर तो मनापासून खूश झाला. म्हणाला, तो कागद जपून ठेव, पुढेही कामाला येईल.

"कशाला?" मी विचारलं. "आता सोडायला काय उरलंय माझ्याकडे?"



"औंदा कापूस बरा शे, अक्का," तो म्हणाला.